शंका-समाधान: कॉम्प्युटरचा आकडा कितपत खरा?

गणिताच्या तासाला कॉम्प्युटर आणि कॅल्क्युलेटर कसा वापरावा, याबद्दल आलेल्या पत्रांना या वेळचे पान दिले आहे. एक सूचना आधीच: सूत्रे इथे देवनागरीत छापली आहेत. यंत्रावर टाइप करताना अंक, अक्षरे आणि चिन्हे इंग्रजी कळफलकावरचीच घ्यावीत.

आमच्या शाळेच्या संगणक कक्षात नववीच्या मुलांनी पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत ०.१ + ०.२ अशी बेरीज केली. उत्तर आले ०.३०००००००००००००००४. मुले म्हणतात, ‘बाई, कॉम्प्युटर चुकला.’ एक्सेलमध्ये मात्र ०.३ येते. मुलांना काय सांगू?
— गणित शिक्षिका, कोथरूड

बेरीज चुकलेली नाही. कॉम्प्युटरने तुम्ही सांगितलेली बेरीज केलीच नाही, एवढेच. ०.१ ही संख्या त्याच्यापर्यंत पोचलीच नाही. पोचली ती तिची अगदी जवळची शेजारीण.

नववीच्या वास्तव संख्यांच्या प्रकरणात मुले हे शिकलेली असतात. अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात लिहिला आणि छेदाचे मूळ अवयव फक्त २ किंवा ५ असले, तर दशांश रूप खंडित. नाहीतर अखंड आवर्ती. म्हणून १/३ कधी संपत नाही. कॉम्प्युटर दहाऐवजी दोनच्या पायावर मोजतो, त्यामुळे त्याच्याकडे ५ ला सवलत नाही. छेदात निव्वळ २ असतील तरच संख्या संपते. १/१० च्या छेदात ५ आहे, तेव्हा आपल्याला १/३ जसा छळतो तसा त्याला १/१० छळतो.

हे सांगण्यापेक्षा फळ्यावर करून दाखवा, पाच मिनिटांचे काम आहे. अपूर्णांकाची दुप्पट करायची, पूर्णांक भाग बाजूला लिहायचा, उरलेला भाग पुढे न्यायचा. ०.१ ची दुप्पट ०.२, लिहा ०. मग ०.४, लिहा ०. मग ०.८, लिहा ०. मग १.६, लिहा १ आणि ०.६ पुढे. मग १.२, लिहा १ आणि उरले ०.२. इथे वर्गातले कुणीतरी ओरडतेच की ०.२ आधी येऊन गेला! म्हणजे यापुढे ००११, ००११ हाच गट फिरत राहणार. मुलांना हा शोध स्वतः लागू द्या. आधी सांगून टाकलात तर मजा गेली.

आता यंत्राची अडचण. आज जवळजवळ सगळे कॉम्प्युटर १९८५ मध्ये ठरलेल्या ‘आयईईई ७५४’ या मानकानुसार आकडे साठवतात. त्यात नेहमीच्या दशांश संख्येला दोनच्या पायातले ५३ सार्थ अंक मिळतात. न संपणारी ओळ तिथे तोडून जवळच्या आकड्याला आणावी लागते. या तोडातोडीत ०.१ आणि ०.२ हे दोन्ही किंचित वरच्या बाजूला जातात आणि ०.३ किंचित खाली. दोन वरच्यांची बेरीज खालच्या ०.३ शी जुळत नाही आणि शेवटचा तो ४ डोके वर काढतो.

एक्सेलमध्ये तो दिसत नाही, कारण एक्सेल १५ सार्थ अंकच दाखवते. आत सगळे तसेच असते. तिथल्या एका घरात =०.५-०.४-०.१ लिहा, शून्य येईल. शेजारच्या घरात =१*(०.५-०.४-०.१) लिहा. एकने गुणल्याने काही बदलायला नको, तरी उणे २.७७५५६ई-१७ असे काहीतरी येते. कारण वजाबाकीचे उत्तर शून्याच्या अगदी जवळ आले की एक्सेल गुपचूप शून्य लिहून टाकते. कंसाला एकने गुणले की ती मेहेरबानी होत नाही. ‘ई-१७’ म्हणजे दहाचा उणे सतरावा घात, हेही त्याच वेळी सांगावे. नाहीतर मुले ते उत्तर उणे पावणेतीन समजून वहीत उतरवतात.

गृहपाठ द्यायचा असेल तर हा द्या: ०.०१ पासून ०.९९ पर्यंतच्या नव्याण्णव संख्यांपैकी किती संख्या कॉम्प्युटर अचूक ठेवू शकतो? उत्तर आहे तीन: ०.२५, ०.५० आणि ०.७५. ज्याला हे स्वतः काढता आले, त्याला हा धडा समजला.

आणि ‘एवढासा फरक, सोडून द्या’ असे मात्र म्हणू नका. १९९१ च्या आखाती युद्धात, २५ फेब्रुवारीला, सौदी अरेबियातल्या धहरान इथे पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेला समोरून येणारे इराकी स्कड क्षेपणास्त्र अडवता आले नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मेले. त्या यंत्रणेचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागांत मोजत होते आणि ०.१ हा आकडा २४ अंकांच्या जागेत तोडून ठेवलेला होता. दर ठोक्याला चूक सुमारे ०.०००००००९५ सेकंद. यंत्रणा सलग १०० तास चालू होती. शंभर तासांत दशांश-सेकंद किती? ३६ लाख. गुणाकार मुलांनाच करू द्या: ०.३४ सेकंद येतात. स्कडच्या वेगाला तेवढ्या वेळात अर्ध्या किलोमीटरहून जास्त अंतर कापले जाते.

व्यवहारातला उपाय साधा आहे. पैशांचा हिशेब रुपयांत न ठेवता पैशांत, म्हणजे पूर्णांकांत ठेवावा. दोन दशांश संख्या ‘समान आहेत का’ असे न विचारता त्यांच्यातला फरक ठरवलेल्या मर्यादेहून लहान आहे का, हे पाहावे. पायथॉनमध्ये ‘फ्रॅक्शन्स’ नावाचा भाग मागवला की १/१० हा अपूर्णांक म्हणूनच राहतो आणि बेरीज बिनचूक ३/१० येते.

मुलगा सातवीत आहे. १६ × ५ साठीही मोबाइलचा कॅल्क्युलेटर काढतो. बंदी घालावी का? शिवाय घरातला हिशेबाचा कॅल्क्युलेटर आणि मोबाइल वेगवेगळी उत्तरे देतात, हे काय प्रकरण आहे?
— पालक, सिंहगड रस्ता

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण पहिल्याचे उत्तर त्यातच आहे. वाण्याच्या दुकानातल्या साध्या कॅल्क्युलेटरवर २ + ३ × ४ = दाबा, २० येते. मोबाइलवर १४ येते. साधे यंत्र पुढचे चिन्ह दाबताक्षणी मागचे काम उरकून टाकते: २ + ३ झाले ५, मग गुणिले ४. मोबाइल पूर्ण पदावली वाचतो आणि गुणाकार आधी करतो. म्हणजे ४५ रुपयांच्या तीन वह्या आणि ६० रुपयांची दोन पुस्तके यांचा हिशेब साध्या यंत्रावर ३ × ४५ + २ × ६० असा सरळ दाबत गेलात तर ८,२२० रुपये होतात, खरे २५५. त्या यंत्रावर ३ × ४५ नंतर एम प्लस (उत्तर आठवणीत मिळवणे), २ × ६० नंतर एम प्लस आणि शेवटी एमआर (आठवणीतली बेरीज दाखवणे) असे दाबायचे. आधी जुनी आठवण पुसली आहे ना, पडद्याच्या कोपऱ्यात बारीक ‘एम’ उरलेला नाही ना, हे पाहायचे. दुकानदार हे सगळे न बघता करतो.

८,२२० हे उत्तर पाहून ज्याला खटकत नाही, त्याच्या हातात कॅल्क्युलेटर देण्यात धोका आहे. ज्याला खटकते, त्याला खुशाल द्या. म्हणून बंदीपेक्षा एक अट घाला: बटण दाबण्याआधी अंदाज मोठ्याने सांगायचा. सव्वादोन किलो टोमॅटो, ३८ रुपये किलो. सव्वादोन चाळीसा नव्वद, म्हणजे नव्वदला थोडे कमी. यंत्र ८५.५० दाखवते, ठीक. १९.८ × ५.१ म्हणजे वीस पंचे शंभरच्या आसपास, यंत्राने १००९.८ दाखवले तर १९.८ मधला बिंदू दाबला गेलेला नाही. वहीत तीन रकाने आखून द्या: अंदाज, यंत्राचे उत्तर, तफावत. रोज पाच उदाहरणे पुरेत.

नऊचा ताळाही शिकवा. ४८ × ५२ = २४९६. ४८ ची अंकबेरीज १२, म्हणजे ३. ५२ ची ७. तीन साती एकवीस, म्हणजे ३. उत्तराची अंकबेरीज २१, तीही ३. जमले. पण नऊचा ताळा अंकांची अदलाबदल पकडत नाही (२९४६ लाही तो ‘बरोबर’च म्हणेल) आणि दशांशचिन्ह चुकले तर त्याला पत्ताच लागत नाही. त्यासाठी अंदाजच लागतो.

पाढ्यांबद्दल: तिसापर्यंतचे पाढे यायलाच हवेत, यात तडजोड नको. पावकी, निमकी, दिडकी, औटकी (पाव, अर्धा, दीड, साडेतीन यांचे पाढे) आज कुणी घोकत नाही आणि घोकावी असा आग्रहही नाही. मात्र ज्यांनी घोकली त्यांना सोळा दिढे चोवीससाठी यंत्र शोधावे लागत नव्हते. आणि व्यवहाराचे म्हणाल तर दहावीच्या गणिताच्या प्रश्नपत्रिकेवर कॅल्क्युलेटर वापरता येणार नाही अशी सूचना छापलेली असते. बारावीलाही कॅल्क्युलेटर नाही, फक्त लॉग टेबल चालते.

सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर साइन ३० चे उत्तर उणे ०.९८८ येते. एक्सेलमध्येही तेच. यंत्र बिघडले आहे का?
— डिप्लोमाचा विद्यार्थी, हडपसर

दोन्ही यंत्रे ठणठणीत आहेत. तुम्ही ३० अंश विचारले, त्यांनी ३० रेडियन (कोन मोजण्याचे दुसरे एकक) ऐकले. ३० रेडियन म्हणजे सुमारे १७१८.८७ अंश, त्यातून चार पूर्ण फेऱ्यांचे १४४० वजा करा, उरतात २७८.८७ अंश. हा कोन चौथ्या चरणात, म्हणून साइन ऋण. कॅल्क्युलेटरच्या पडद्यावर वर डी, आर किंवा जी असे अक्षर असते. डी हवे. जी म्हणजे काटकोनाचे शंभर भाग. त्यात साइन ३० चे उत्तर ०.४५४ येते आणि ते ०.५ च्या इतके जवळ असते की पेपरात खपून जाते. सगळ्यात घातक चूक ती. पेपर सुरू होण्याआधी साइन ९० दाबून १ येते का पाहायचे. साइन ० ने काही कळत नाही, तो तिन्हीकडे शून्यच.

एक्सेलला अंश समजत नाहीत. =साइन(रेडियन्स(३०)) असे लिहावे लागते. त्यातच =टॅन(रेडियन्स(९०)) लिहिले तर ‘अव्याख्य’ म्हणण्याऐवजी ते १.६३३१२ई+१६ असा आकडा ठोकून देते. कारण पहिल्या पत्राच्या उत्तरात आले आहे: पाय (π) ही संख्या त्याच्याकडे तोडलेलीच असते, त्यामुळे कोन नेमका काटकोन होत नाही, केसभर कमी राहतो. तेवढ्यावर टॅन आकाशाला जातो.

मुलीच्या गृहकर्जाचा हप्ता एक्सेलमध्ये काढला: १० लाख, ९ टक्के, २० वर्षे. उत्तर ९०,००० रुपये आले! दुसऱ्यांदा केले तर ५४ हजार. बँक ८,९९७ सांगते. आम्ही जुन्या लॉग टेबलवाले. आमचे कुठे चुकते?
— निवृत्त वाचक, नारायण पेठ

लॉग टेबलवाल्यांनी तर आधी अंदाज बांधायला हवा होता. पहिल्या महिन्याचे व्याज: १० लाखांवर ९ टक्के म्हणजे वर्षाला ९०,०००, महिन्याला ७,५००. हप्ता याहून जास्तच हवा, नाहीतर मुद्दल कधी हलणारच नाही. आता व्याज विसरून मुद्दल २४० महिन्यांत वाटले तर महिन्याला ४,१६७. दोन्हींची बेरीज ११,६६७. व्याज पुढे घटत जाणार, म्हणून हप्ता याहून कमी. म्हणजे उत्तर ७,५०० आणि ११,६६७ यांच्या मध्ये कुठेतरी. या कप्प्याबाहेरचा कुठलाही आकडा आला की सूत्र तपासायचे.

तुमच्या पहिल्या उत्तरात दर वार्षिक राहिला: ९ टक्के दर महिना, २४० महिने. अशा दराने जवळजवळ निव्वळ व्याजच भरत राहावे लागते, म्हणून नेमके ९०,०००. दुसऱ्यात दर बाराने भागलात, पण मुदत २० च ठेवली. २४० ऐवजी वीस महिन्यांत कर्ज फेडायला निघालात. सूत्र असे: =पीएमटी(९%/१२, २०*१२, -१००००००). उत्तर ८,९९७.२६. कर्जाची रक्कम उणे लिहिली नाही तर हप्ता ऋण दिसतो. पैसा येतो की जातो हे एक्सेल चिन्हाने दाखवते, त्यात घाबरण्यासारखे काही नाही.

बँकेने २६ पैसे सोडून ८,९९७ धरले तर शेवटच्या हप्त्यात फक्त २६ × २४० पैसे, म्हणजे ६२ रुपये वाढतील असे वाटते. तसे होत नाही. दर महिन्याला न भरलेल्या पैशांवर पुढे व्याज चढत जाते आणि विसाव्या वर्षअखेर ती तूट सुमारे १७३ रुपये होते. दहावीच्या अर्थनियोजनाच्या प्रकरणानंतर मुलांना करायला हा उत्तम तक्ता आहे: महिना, आधीची बाकी, व्याज, हप्त्यातून फिटलेले मुद्दल, नवी बाकी, अशा २४० ओळी. पहिल्या ओळीत ७,५०० व्याज आणि मुद्दल अवघे १,४९७.२६. हा आकडा पाहून मुले गप्प होतात.

जिल्हा परिषदेची शाळा आहे. एकच कॉम्प्युटर, वर्गात ४० मुले. फक्त प्रोजेक्टरवर दाखवत बसण्यापेक्षा मुलांच्या हाताला काम मिळेल असे काही सुचवा.
— शिक्षक, मुळशी तालुका

एक कॉम्प्युटर असणे ही मोठी अडचण नाही. चाळीस कॉम्प्युटर असले की पहिली पंधरा मिनिटे पासवर्डात जातात. चार-चार मुलांचे दहा गट करा आणि कापरेकरांचा खेळ मांडा. द. रा. कापरेकर (१९०५–१९८६) फर्ग्युसन कॉलेजात शिकले आणि पुढे देवळालीत शाळामास्तर होते. १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ या संख्येचा गुणधर्म जगापुढे ठेवला, तोही निव्वळ कागद-पेन्सिलीवर.

खेळ असा. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून मोठी संख्या करा, चढत्या क्रमाने लावून लहान. वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेऊ: ५४३२ − २३४५ = ३०८७. मग ८७३० − ०३७८ = ८३५२. मग ८५३२ − २३५८ = ६१७४. पुढे ७६४१ − १४६७ = ६१७४, इथून सुटका नाही. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत प्रत्येक संख्या इथे येते.

पहिला तास हातानेच. प्रत्येक गटाला चार संख्या. कुठे अडते ते आत्ताच सांगतो: २१११ हमखास कुणाच्या तरी वाट्याला द्या. २१११ − १११२ = ९९९. मुले इथे ९९९ लाच तीन अंकी संख्या समजतात, ९९९ − ९९९ = ० करतात आणि ‘सर, नियम मोडला’ म्हणून हात वर करतात. नियम मोडलेला नाही, पुढचे शून्य हरवले आहे. ०९९९ धरायचे: ९९९० − ०९९९ = ८९९१, मग ८०८२, मग ८५३२, मग ६१७४. स्थानिक किमतीचा याहून चांगला धडा शोधून सापडणार नाही. दुसरी नेहमीची चूक हातच्याची. त्यासाठी प्रत्येक वजाबाकीच्या उत्तराला ९ ने भाग जातो का पाहायला सांगा. नाही गेला तर वजाबाकी चुकली.

दुसऱ्या तासाला कॉम्प्युटर. एक्सेलसारखे लिबरऑफिस कॅल्क फुकट मिळते आणि जुन्या यंत्रावरही चालते. ए२ मध्ये संख्या. बी२ मध्ये =इंट(ए२/१०००). सी२ मध्ये =मॉड(इंट(ए२/१००),१०), डी२ मध्ये तेच १० ने भागून, ई२ मध्ये =मॉड(ए२,१०). झाले चार अंक सुटे, आणि हरवलेले शून्यही बी२ मध्ये आपोआप सापडते. एफ२ मध्ये मोठी संख्या: =१०००*लार्ज(बी२:ई२,१)+१००*लार्ज(बी२:ई२,२)+१०*लार्ज(बी२:ई२,३)+लार्ज(बी२:ई२,४). जी२ मध्ये हेच, लार्जच्या जागी स्मॉल. एच२ मध्ये =एफ२-जी२. आता ए३ मध्ये =एच२ लिहा, बी२ ते एच२ ही घरे तिसऱ्या ओळीत उतरवा आणि मग पूर्ण तिसरी ओळ नवव्या ओळीपर्यंत खाली ओढा. ए२ मधली संख्या खाली ओढू नका, नाहीतर प्रत्येक ओळीत एकाने वाढलेली संख्या बसेल आणि मुले ‘कॉम्प्युटर भरकटला’ म्हणतील. गटातले एक मूल पुढे येऊन आपली संख्या टाकते. ए९ मध्ये ६१७४ आलेच पाहिजे. जिथे वही आणि पडदा जुळत नाहीत, तिथे गटाने स्वतःची चूक शोधायची. शिक्षकाने सांगायची नाही.

तिसरा तास कॉम्प्युटर बंद करून घ्या. सगळ्या संख्या तपासायच्या तर, पुढे शून्य असलेल्याही धरून, ९,९९० आहेत. पण उतरत्या क्रमाने लावलेल्या अंकांना अ, ब, क, ड म्हणा आणि वजाबाकी मांडा: ९९९ × (अ − ड) + ९० × (ब − क) एवढेच उरते. ३५२४ साठी अ − ड = ३, ब − क = १, म्हणजे २९९७ + ९० = ३०८७, जुळले. म्हणजे पहिल्या वजाबाकीचे उत्तर फक्त दोन फरकांवर ठरते. अ − ड १ ते ९, आणि ब − क त्याहून मोठा होऊ शकत नाही. मोजा: २ + ३ + … + १० = ५४. नऊ हजार नऊशे नव्वदचे काम चोपन्नावर आले. दहा गटांना वाटले तर वाट्याला पाच-सहा येतात आणि वर्गाने ते हाताने पूर्ण सिद्ध केले असे म्हणता येते. वरच्या वर्गाला बीजगणितासकट, खालच्या वर्गाला फक्त तक्ता. तीन अंकी संख्यांना हाच खेळ ४९५ वर थांबतो. तो पाचवीलाही जमतो.

कॉम्प्युटरने हजारो उदाहरणे तपासून दिली, तरी सर ‘सिद्धता कुठे आहे’ विचारतात. एवढी उदाहरणे पुरेशी का नाहीत?
— अकरावीची विद्यार्थिनी, औंध

एखाद्या संख्येचा वर्ग, अधिक ती संख्या, अधिक ४१. शून्यापासून सुरुवात करा: ४१, ४३, ४७, ५३… सगळ्या मूळ संख्या. ३९ ला १६०१ येते, तीही मूळ. सलग चाळीस वेळा खरे ठरलेले ४० व्या पायरीला कोसळते: १६८१ म्हणजे ४१ × ४१. आणि ते आधीच दिसायला हवे होते. ४० × ४० + ४० म्हणजे ४० × ४१, त्यात आणखी एक ४१. इथे कॉम्प्युटरची गरजच नव्हती. हेच वर्तुळावर बिंदू घेऊन सगळ्या जीवा जोडून पाहा. एका ठिकाणी तीन जीवा छेदणार नाहीत असे पाहिले, तर भाग पडतात १, २, ४, ८, १६ आणि सहाव्या बिंदूला ३१.

तुमच्या सरांच्या बाजूने एवढे. आता तुमच्या बाजूने. १९७६ मध्ये ॲपेल आणि हाकेन यांनी नकाशाच्या चार रंगांचे प्रमेय (शेजारच्या भागांना वेगळे रंग देत कुठलाही नकाशा चार रंगांत रंगवता येतो) कॉम्प्युटर वापरूनच सिद्ध केले. फरक असा की नकाशे अनंत असताना तपासायच्या रचना मात्र मोजक्याच उरतात, हे त्यांनी आधी युक्तिवादाने दाखवले आणि त्या सगळ्या यंत्राकडून तपासून घेतल्या. वरच्या पत्रातले चोपन्न आठवा.

भागाकार पद्धतीने वर्गमूळ काढणे शिकवण्यात अजून अर्थ आहे का?
— क्लासचे शिक्षक, चिंचवड

एकदा शिकवा, वीस उदाहरणे घोटून घेऊ नका. त्याऐवजी सरासरीची रीत द्या, तिच्यात का जमते हे दिसते. क्षेत्रफळ २ असलेला आयत घ्या, एक बाजू १, दुसरी २. चौरस हवा, तर बाजूंची सरासरी घ्या: १.५. आता दुसरी बाजू २ ÷ १.५. पुन्हा सरासरी. एक्सेलमध्ये ए२ मध्ये १, ए३ मध्ये =(ए२+२/ए२)/२, आणि खाली ओढा: १.५, १.४१६६६७, १.४१४२१६, १.४१४२१३५६… दर पायरीला बरोबर अंक साधारण दुप्पट होतात. पाचव्या सरासरीनंतर पडद्यावरचा आकडा हलायचा थांबतो. सुरुवातीला ० टाकला तर शून्याने भागल्याची चूक येते. उणे १ टाकला तर ऋण वर्गमूळ मिळते, ते मुलांना करून पाहू द्या.

आकडा थांबला म्हणजे √२ संपले असे नव्हे, यंत्राची जागा संपली. आर्यभटाने इ.स. ४९९ मध्ये २०,००० व्यासाला ६२,८३२ परिघ सांगताना ‘आसन्न’ म्हणजे जवळचा असा शब्द घातला होता. एक्सेल तेवढे सौजन्य दाखवत नाही.

एक्सेलमध्ये १/२ लिहिले की तारीख उमटते, −२ चा वर्ग कधी ४ तर पायथॉनमध्ये −४, आणि १६ अंकी संख्येचा शेवटचा अंक शून्य होतो. थोडक्यात खुलासा करावा.
— संगणक शिक्षक, धनकवडी

१/२ ला ते १ फेब्रुवारी किंवा २ जानेवारी समजते; =१/२ लिहा, किंवा शून्य, मोकळी जागा आणि मग १/२. चुकून तारीख झालीच तर घराचा प्रकार नंतर ‘संख्या’ करून उपयोग नाही, पंचेचाळीस हजारांहून मोठा आकडा दिसेल; पुसून पुन्हा लिहावे लागते. =-२^२ मध्ये एक्सेल आणि कॅल्क उणे चिन्ह आधी लावतात आणि मग वर्ग करतात, म्हणून ४; पायथॉन आणि आपले पाठ्यपुस्तक आधी वर्ग करतात, म्हणून −४. कंस घातला की वाद मिटतो. सोळावा अंक जातो तो १५ अंकांच्या मर्यादेमुळे. कार्डाचे क्रमांक किंवा असे लांबलचक आकडे टाकण्याआधी घराचा प्रकार ‘मजकूर’ करून ठेवा. आधी टाकून मग प्रकार बदललात तर गेलेला अंक परत येत नाही.